अवकाश नव्हे, ढाळज

गेल्या उन्हाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आम्ही दोघे, एक नांदेडला मराठी शिकवतो, एक लातूरला. अकरावी-बारावीला ती आमच्यापैकी एकाच्या वर्गात होती. पुढे 'नाटा'ची परीक्षा देऊन वास्तुकलेकडे गेली आणि आता पाचव्या वर्षाच्या प्रबंधाशी येऊन ठेपली होती. औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात तिचे घर. त्याच गावासाठी समाजकेंद्राचा आराखडा करायचे तिने ठरवले होते, आणि गावकऱ्यांसाठी तयार केलेल्या प्रश्नावलीचे मराठी भाषांतर तिला आमच्याकडून हवे होते. पहिलाच प्रश्न असा की, तुमच्या 'बिल्ट स्पेस'शी तुमचे नाते कसे आहे? आम्ही प्राध्यापकी उत्साहाने 'बांधीव अवकाश' असा शब्द सुचवला. आठवड्याने तिचा फोन आला. आजीला प्रश्न वाचून दाखवला तर आजी म्हणाली, "अवकाश म्हंजे? अवकाळी म्हणायचंय का तुला?"

आम्ही हसलो. नंतर मात्र ते हसू घशात अडकले, कारण चूक आजीची नव्हती.

प्रश्नावलीबरोबर तिने आपला पोर्टफोलिओही दाखवायला आणला होता. हल्ली वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो करावा लागतो, कारण पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत उमेदवारी मिळवायची तर तोच पुढे करायचा. पहिल्या पानावर छायाचित्र, दुसऱ्या पानावर 'डिझाईन फिलॉसॉफी', त्यानंतर स्टुडिओत केलेली पाच कामे. तत्त्वज्ञानाच्या पानावर लिहिले होते की वास्तू म्हणजे मानव आणि निसर्ग यांच्यातील संवाद, प्रकाश हेच खरे बांधकामसाहित्य, आणि कमीत अधिक सामावलेले असते. कामे पाहिली. डोंगरउतारावरचे सुट्टीतले घर, कोकणातले एक रिसॉर्ट, महानगरातले कलासंग्रहालय, नदीकाठाचे सुशोभन आणि एक कार्यालयीन संकुल. चित्रे देखणी होती. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पाचांपैकी तीन कामांत मात्र निळ्या रंगाचे मोठाले तलाव होते. त्यांना 'वॉटर बॉडी' म्हणतात म्हणे. ज्या लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पाजावे लागले, त्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर वाढलेल्या मुलीच्या हातून हे तलाव उमटले होते. पाच वर्षांत कुणी तिला विचारले नव्हते की बाई गं, हे पाणी आणणार कुठून?

आमचा रोख तिच्यावर नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते पान नांदेडच्या मुलाने लिहिले असते तरी तसेच झाले असते आणि नागपूरच्या मुलीने लिहिले असते तरी तसेच. आमचा आक्षेप नेमका याच गोष्टीला आहे. जे तत्त्वज्ञान कुणाच्याही नावावर खपते ते कुणाचेच नसते. आमच्या विषयात याला उसनवारी म्हणतात आणि तिचे गुण कापले जातात. तिथे तिच्यावर नोकरी मिळते.

यावर वास्तुकलेच्या अध्यापकांचे उत्तर ठरलेले असते. अभ्यासक्रमात पारंपरिक वास्तुरचना हा विषय आहे. मुले वाडे मोजतात, त्यांचे आराखडे काढतात, सहली नेतात. खरे आहे. तशी रेखाटने आम्ही पाहिली आहेत. कोरीव तुळई, दिंडी दरवाजा, चौकात पडलेले ऊन, सगळे काळ्या शाईत सुबक उतरलेले असते. पण त्या रेखाटनांत माणूस नसतो आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाटही नसते. मराठवाड्याच्या घराबद्दल त्या पहाटेला वळसा घालून जो बोलतो, तो चित्रकलेबद्दल बोलत असतो असे आमचे मत आहे.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हलली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत सरकारी आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसे गेली. भूकंपाचे मान सहाच्या थोडेसेच वर होते. त्या मानाच्या धक्क्याने इतकी माणसे मरत नसतात. माणसे घरांनी मारली. ती कशी, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवे, पण आमच्या पदव्युत्तर वर्गात विचारले तर दोघे-तिघेही सांगू शकत नाहीत.

जुन्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहूनही जास्त. बाहेरून एक दगडी पाळ, आतून दुसरी आणि मधल्या पोकळीत खडी-माती भरलेली. दोन्ही पाळी एकमेकींना धरून ठेवील असा भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच. वर माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून दरसाल नवी माती टाकायची, म्हणजे घर जितके जुने तितके त्याच्या डोक्यावरचे ओझे मोठे. बापाने टाकलेल्या मातीवर मुलगा माती टाकी. हे माळवद उन्हाळ्यात अंगाला गारवा देई आणि रात्री अंथरूण घालायला जागा देई. हादरा बसला तेव्हा भिंतींच्या दोन पाळी फाकल्या, गोल दगड घरंगळले आणि मातीचे छत त्यांच्यामागून खाली आले.

पण इथेच एक बारकावा आहे, आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने सारे आयुष्य त्यावर घालवले तरी ते वाया जाणार नाही. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता, तिथे भिंती ढासळूनही सांगाडा पुष्कळदा उभा राहिला आणि छत खाली आले नाही. जिथे खांब वगळून छत थेट दगडी भिंतींवर टेकवले होते, तिथे भिंतीबरोबर तेही कोसळले. म्हणजे परंपरा एकजात खुनी नव्हती आणि एकजात शहाणीही नव्हती. खण धरणारे शहाणपण तिच्यात होते, भिंतीला बांधून न ठेवणारे अज्ञानही होते. कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हा खरा रचनेचा प्रश्न. त्याला तत्त्वज्ञान म्हणायचे असेल तर आमची हरकत नाही.

भूकंपानंतर लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला. सिमेंट म्हणजे जगणे, दगड म्हणजे मरण, असे समीकरण झाले. तेही अर्धेच खरे. अभियंता न बघता गावोगाव उभी राहणारी काँक्रीटची घरे हादरा बसल्यावर काय करतील, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यातून निघालेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. आम्हीही घराबाहेर येऊन उभे राहिलो होतो. आमच्या गल्लीतल्या दुमजली घरांकडे त्या दिवशी आम्ही जसे पाहिले, तसे पूर्वी कधी पाहिले नव्हते.

मग पुनर्वसन. जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि इतरत्र लाखाहून अधिक घरे मालकांनी सरकारी मदत घेऊन जागच्या जागी दुरुस्त केली. दुसऱ्या कामाची चर्चा कमी होते, वास्तविक ते अधिक मोलाचे होते असे आम्हाला वाटते, कारण तिथे आपले घर दुरुस्त करणारा माणूस स्वतः हजर होता. नव्या गावांत घराचे आकार तीन: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कोणते, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीनाला सर्वांत लहान, सात हेक्टरांच्या वर शेती असणाऱ्याला सर्वांत मोठे. जुन्या गावात विषमता होतीच, पण ती वळणावळणाच्या बोळांत, एकमेकांना टेकलेल्या भिंतींत मिसळून गेलेली होती. नव्या गावात ती नकाशावर रंगवून दाखवता येऊ लागली. सरळ रुंद रस्ते, चौकटी-चौकटींचे भूखंड, घरे एकमेकांपासून सुटी. शहरातल्या हौसिंग कॉलनीचा आराखडा शेतकऱ्याच्या गावाला चढवला. बैल बांधायचे कुठे, कडबा रचायचा कुठे, संध्याकाळी म्हाताऱ्यांनी बसायचे कुठे, हे प्रश्न आराखडा करणाऱ्याच्या भाषेत नव्हते. म्हणून ते आराखड्यातही आले नाहीत.

आमच्या विद्यार्थिनीच्या घरापुढे पत्र्याची शेड आहे. ती वडिलांनी टाकली. घर मिळाले तेव्हा दार थेट रस्त्यावर उघडायचे. आल्यागेल्याला बसवायला मधली जागा नव्हती. शेडच्या एका बाजूला त्यांनी ओटा घातला, दुसऱ्या बाजूला शेळ्या बांधल्या. आजी त्या शेडला ढाळज म्हणते. पत्रा आहे, लोखंडी नळ्या आहेत, जुन्या ढाळजेतले एकही लाकूड तिथे नाही. तरी ती ढाळज आहे, कारण ढाळजेचे काम ती करते. परक्याला घरात न घेता घराशी जोडायची जागा. हा एक शब्द 'ट्रान्झिशनल स्पेस'वरच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगतो. पोर्टफोलिओत ती शेड नव्हती. का नाही, असे विचारले तर मुलगी ओशाळली. म्हणाली, "सर, ते काही डिझाईन नाहीये."

इजिप्तमध्ये हसन फतही या वास्तुकाराने १९४० च्या दशकात गुर्ना गावाच्या लोकांसाठी मातीच्या विटांचे नवे गाव बांधले. घुमट, कमानी, स्थानिक साहित्य, सगळे काही देशी. जगभरच्या वास्तुकला-महाविद्यालयांत ते गाव शिकवले जाते. ज्यांच्यासाठी बांधले ते लोक मात्र बहुसंख्येने तिथे राहायला गेलेच नाहीत. त्यांची रोजीरोटी जुन्या जागेत होती, आणि घुमट त्यांच्या लेखी थडग्यांवर असायचे. फतहीच्या हेतूबद्दल आम्हाला आदर आहे. पण देशी साहित्य वापरले म्हणजे देशी माणसाचे ऐकले असे होत नाही, हे गुर्ना सांगते. ही गोष्ट आमच्या वाङ्मयीन मित्रांनीही कानावर घ्यावी. देशीवादाच्या चर्चासत्रांत माळवदाचे गोडवे गाणारे निबंध आम्ही ऐकले आहेत. वाचणारे बहुतेक सिमेंटच्या फ्लॅटात राहणारे. ज्यांची माणसे त्या माळवदाखालून काढली गेली त्यांच्यापुढे हा निबंध वाचण्याची छाती कुणाला आहे?

आता आमच्याकडे. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आम्ही किती वर्षे शिकवली असेल, हिशेब नाही. बोलीची वैशिष्ट्ये लिहा, व्यक्तिरेखा रेखाटा, ग्रामीण कादंबरी म्हणून मूल्यमापन करा. या कादंबरीतली माणसे कोणत्या घरात, कुठल्या कोपऱ्यात, किती उजेडात बोलतात, हा प्रश्न आम्ही एकाही प्रश्नपत्रिकेत घातला नाही. ओसरी, देवळी, बळद, सवणे, न्हाणी, परसू हे शब्द आम्ही शब्दार्थांच्या यादीत ढकलले आणि विद्यार्थ्यांनी ते गाईडमधून पाठ केले. सवणे म्हणजे माळवदाला ठेवलेले उजेडाचे भोक. इतका अर्थ सांगून आम्ही पुढे गेलो. चुलीचा धूर जाईल आणि पावसाचे पाणी येणार नाही, एवढ्या बेताने ते भोक कुठे पाडायचे, हे ज्याला कळत होते तो गवंडी आमच्या वर्गात कधी आला नाही. वास्तुकलेच्या वर्गातही नाही. तेव्हा त्यांनी भाषा हरवली असे आम्ही म्हणायचे, तर भाषेतली घरे आम्ही हरवली हे त्यांनीही म्हणावे.

एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मुलांना देशभर काम करायचे, संहिता इंग्रजीत, मोजमापे इंग्रजीत. मराठीचा हट्ट धरून त्यांना लातुरातच डांबायचे का? आमचा हट्ट इंग्रजी काढण्याचा नाही. आमचे मागणे अगदी लहान आहे. नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याच्या पाच वर्षांतला एक तरी स्टुडिओ पुनर्वसित गावात व्हावा. लोकांनी तीस वर्षांत त्या घरांना काय जोडले, काय पाडले, कशाला कुलूप लावून ठेवले, याची मोजणी व्हावी. आणि त्या कामाच्या परीक्षणाला बसणाऱ्यांत दोन जण त्याच गावचे असावेत, परीक्षण त्यांना समजेल अशा मराठीत व्हावे. ज्या विद्यार्थ्याला आपले छप्पर का पडणार नाही हे गावच्या बाईला सांगता येत नाही, त्याला ते स्वतःला तरी कळले आहे का, अशी शंका आम्हाला येते.

मुलीने प्रश्नावली पुन्हा लिहिली. पहिला प्रश्न आता असा आहे: घरात आल्यावर पाहुणा पहिल्यांदा कुठं बसतो? तिच्या सांगण्याप्रमाणे या एका प्रश्नावर लोक अर्धा-अर्धा तास बोलले आणि तिची वही भरली. परीक्षणाच्या दिवशी तिने शेडचे मोजून काढलेले रेखाटन पहिल्या फलकावर लावले. परीक्षकांपैकी एकाने विचारले, यात तुझी कन्सेप्ट कुठे आहे? तिने ढाळज हा शब्द सांगितला. त्यांनी तो इंग्रजीत लिहून घेतला, स्पेलिंग विचारले आणि पुढच्या फलकाकडे वळले. ती उत्तीर्ण झाली. गुण बेताचे पडले. तिच्या वहीतले शब्द, गवंड्यांनी आणि बायकांनी सांगितलेले, सध्या आमच्याकडे आहेत. एम.ए.च्या एका विद्यार्थ्याला ते लघुप्रबंधासाठी दिले आहेत. पहिल्या आठवड्यात तो विचारायला आला की यात साहित्य कुठे आहे. त्याला आम्ही त्याच रविवारी एसटीने औशाला धाडले.