बटण, फरशी आणि खापर

खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणाहून निघणाऱ्या तारा खांबांवर वाट्यांसारख्या चकत्यांना टांगलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या पुष्कळ चिनी मातीच्या असतात. आता आपल्या सदऱ्याचे बटण पाहा. ते बहुधा प्लॅस्टिकचे असेल; पण एके काळी तेही चिनी मातीचे असे.

केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ यांचे मिश्रण सुमारे 1300 अंश सेल्सियसला भाजले, की फेल्डस्पार वितळून बाकीचे कण सांधतो आणि पांढरे, कठीण, पाणी न शोषणारे पोर्सेलेन बनते. ही विद्या मूळची चीनमधल्या कारागिरांची. 1840 मध्ये इंग्लंडात रिचर्ड प्रॉसर यांनी जवळजवळ कोरड्या मातीची पूड साच्यात दाबून बटणे करण्याचे पेटंट घेतले. ओली माती वाळताना आकसते, वाकते. पुडीत तो दोष फार कमी. म्हणून बटणे एकसारखी निघाली. हर्बर्ट मिंटन यांनी हीच रीत फरश्यांसाठी उचलली. आजच्या बहुतेक टाइल्स याच तत्त्वावर बनतात.

तेव्हा पोशाखाची हौस म्हणजे निव्वळ थिल्लरपणा, असे म्हणणे मला पटत नाही. बटणाच्या गरजेतून घराला फरशी मिळाली!

खापरखेड्याच्या नावातच खापर आहे आणि दाराशी कोळशाची राख. मातीप्रमाणे राखेतही सिलिका आणि अॅल्युमिना असतात. लोहामुळे तिचे शुभ्र पोर्सेलेन होणार नाही; पण तिच्या विटा होतात, तर करड्या रंगाचे मणी आणि बटणे का होऊ नयेत? मात्र राखेत आर्सेनिक, क्रोमियम यांचे अंश असू शकतात. अंगाला लागणारी वस्तू प्रयोगशाळेत तपासल्यावाचून वापरू नये, आणि हा प्रयोग घरी तर मुळीच करू नये. शिवाय धुण्याच्या दगडावर आपटले, तर असे बटण फुटेल. म्हणजे कुंभार, रसायनतज्ज्ञ आणि कपडे बेतणारा या तिघांनी एकत्र बसल्याशिवाय हे काम होणार नाही.

आपल्या शाळांत मात्र चित्रकलेचा तास वेगळा आणि विज्ञानाचा वेगळा. शिक्षकांनी एकदा हे दोन्ही तास जोडून पाहावेत. प्लॅस्टिक, करवंटी, शिंपला आणि चिनी माती यांची बटणे जमवा. ती तोला, रात्रभर पाण्यात भिजवून पुन्हा तोला, खिळ्याने ओरखडून पाहा. मग कोणते बटण कोणत्या कपड्याला लावावे, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.