दरबाराच्या पदरी राहिलेलं ज्ञान

इस्लामी जगातलं विज्ञान कशामुळे मावळलं, असं विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, इमाम गझालीनं तत्त्वज्ञांवर घाव घातला आणि तिथला विचार थांबला. दुसरं, 1258 मध्ये मंगोल सरदार हुलागू खानानं बगदाद बेचिराख केलं आणि ग्रंथालयांबरोबर सगळंच बुडालं. दोन्ही उत्तरं ऐकायला नाट्यमय आहेत, पण कालगणनेशी त्यांचा मेळ बसत नाही. गझाली 1111 मध्ये वारला. चंद्राच्या गतीचं जे गणित पुढे कोपर्निकसच्या ग्रंथात दिसतं, तेच दमास्कसच्या इब्न अल-शातिरनं चौदाव्या शतकात मांडलं होतं. म्हणजे गझालीला जाऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली होती आणि बगदाद पडून जवळपास शतक उलटलं होतं. हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येतं, हे सांगणारा कैरोचा इब्न अल-नफीससुद्धा तेराव्या शतकातला. शिवाय खुद्द गझालीनं लिहून ठेवलंय की गणित आणि ग्रहणाची कारणं धर्माच्या नावानं नाकारणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो.

मग काय झालं? माझं मत असं की उत्तर श्रद्धेपेक्षा खर्चाच्या वहीत शोधावं. ज्ञानाचा पैसा कुठून येत होता, कुणाच्या मर्जीवर येत होता आणि मर्जी फिरल्यावर त्याचं काय होत होतं, हे पाहिलं की चढ आणि उतार दोन्ही उलगडतात.

चढापासून सुरुवात करू, कारण तो खरोखर थक्क करणारा आहे. 762 मध्ये खलिफा अल-मन्सूरनं बगदादचा पाया घातला. नव्या राज्याला महसूल मोजणारे, कालवे आखणारे, वारसाहक्काच्या वाटण्या करणारे, मुहूर्त काढणारे आणि वैद्य हवे होते. अल-ख्वारिज्मीच्या बीजगणिताच्या पुस्तकाचा मोठा भाग मृत्युपत्रं आणि वाटण्यांच्या हिशेबांचा आहे. गरज अशी रोजच्या कारभारातली होती. सुमारे 773 मध्ये सिंधकडून आलेल्या शिष्टमंडळाबरोबर ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतलं सिद्धान्त-ज्योतिष दरबारात पोचलं आणि अरबीत उतरलं. वजीर घराणं होतं बरमकींचं, बल्ख इथल्या बौद्ध विहाराची व्यवस्था पाहणाऱ्या घरातलं. आणि नेमका याच सुमारास कागद आला. चिनी कारागिरी समरकंदमार्गे पश्चिमेकडे सरकली आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागदाचा कारखाना निघाला. (हाच कागद पुढे दख्खनमध्येही उतरला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करणारी वस्ती मुहम्मद तुघलकानं राजधानी तिथं हलवली तेव्हापासूनची, असं परंपरा सांगते.) कागदामुळे पुस्तक स्वस्त झालं, नकलनविसांचा आणि पुस्तकविक्यांचा बाजार उभा राहिला. अल-जाहिझसारखा लेखक पुस्तकांची दुकानं रात्रीपुरती भाड्यानं घेऊन वाचत बसायचा, असं पुढे बगदादच्याच एका पुस्तकविक्यानं, इब्न अल-नदीमनं, नोंदवून ठेवलंय. या नदीमनं 987 च्या सुमारास अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची विषयवार यादी केली. यादी करावीशी वाटावी इतकी पुस्तकं तोवर झाली होती.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हुनैन इब्न इस्हाक. हीरा गावचा नेस्टोरियन ख्रिस्ती, पेशानं वैद्य. त्यानं आणि त्याच्या मंडळीनं ग्रीक वैद्य गॅलेनचे शंभरावर ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले, आणि कोणता कुणासाठी, कोणत्या वयात, कोणत्या प्रतीवरून केला याचा हिशेब एका पत्रात लिहून ठेवला. अनेक हस्तलिखितं जमवायची, ताडून पाहायची, शुद्ध पाठ ठरवायचा आणि मगच भाषांतराला बसायचं, ही त्याची रीत. गॅलेनच्या एका तर्कशास्त्रीय ग्रंथासाठी त्यानं इराक, शाम (सिरिया), पॅलेस्टाइन आणि इजिप्त पालथं घातलं, पार अलेक्झांड्रियापर्यंत. शेवटी दमास्कसमध्ये जवळपास अर्धा ग्रंथ हाती लागला, तोही विस्कळीत. नवव्या शतकातला माणूस एका पुस्तकासाठी इतकं फिरतो, त्यामागे वेड असतंच. पण त्या वेडाला कुणीतरी पोसत होतं. मूसा इब्न शाकिरच्या तीन मुलांनी, बनू मूसा म्हणतात त्यांना, भाषांतरकारांसाठी महिन्याला 500 दिनार मोजल्याची नोंद आहे. हे तिघे स्वतः गणिती होते. पैसा देणाऱ्याला मालाची पारख होती.

यातला कोण कुठल्या धर्माचा, हेही पाहावं. हुनैन ख्रिस्ती, साबित इब्न कुर्रा हर्रानचा ताऱ्यांना पुजणारा साबी, बरमकी नवमुस्लिम, दरबारी ज्योतिषी नौबख्त इराणी. अरबी ही भाषा सगळ्यांची झाली म्हणून हे जमलं. अनुवाद झाले, तसे आक्षेपही आले. वैद्य अल-राझीनं गॅलेनवर शंका घेतल्या, गणिती इब्न अल-हैथमनं ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीवर. ज्याला गुरू मानायचं त्याच्या चुका काढणारं स्वतंत्र पुस्तक लिहायचं, हा धीटपणा तिथं रुजला होता.

दहाव्या शतकात खिलाफतीची पकड सुटली. 937 मध्ये तर इब्न राईक या सरदारानं शत्रूची वाट अडवायला नहरवानचा कालवा फोडला. इराकची शेती ज्या पाण्यावर चालायची, ते असं वाया गेलं. पण विद्येला सुरुवातीला याचा फायदाच झाला, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका बगदादऐवजी बुखारा, रे, इस्फहान, हलब, कैरो, कोर्दोबा, गझनी असे कितीतरी दरबार उभे राहिले आणि विद्वानांसाठी त्यांच्यात चढाओढ लागली. इब्न सीनाचं आयुष्य पाहा. बुखाऱ्याच्या सामानी अमिराला बरं केलं म्हणून कोवळ्या वयात त्याला राजग्रंथालयाची दारं उघडली गेली. तिथं प्रत्येक विषयाची वेगळी दालनं आणि पुस्तकांच्या पेट्या होत्या. पुढे सामानी राज्य बुडालं, तो ख्वारिज्मला गेला. गझनीच्या महमुदाचा दरबार नको म्हणून तिथून निसटला. पुढे जुरजान, रे, हमदान. हमदानला वजीर झाला, सैन्यानं बंड केलं, तुरुंग झाला, सुटला आणि वेषांतर करून इस्फहानला पोचला. या धावपळीत त्यानं वैद्यकाचा जो ग्रंथ पुरा केला, तो युरोपच्या विद्यापीठांत पुढे काही शतकं शिकवला गेला. एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावता येत होतं, म्हणून हे शक्य झालं.

पण त्याच आयुष्यात रोगाचं मूळही दिसतं. दारं कितीही असली तरी ती राजाची किंवा वजिराची होती. ज्ञानाला स्वतःचं घर नव्हतं.

स्वतःच्या घराची सोय इस्लामी समाजात होती, आणि ती उत्तम होती. तिचं नाव वक्फ. जमीन, दुकानं, हमामखाने कायमचे लावून द्यायचे आणि त्यांच्या उत्पन्नावर मशीद, मदरसा, पाणपोई, इस्पितळ चालवायचं. आपल्याकडचं देवस्थान इनाम डोळ्यांपुढे आणलं की चटकन कळेल. राजा गेला तरी वक्फ राहतो. कैरोत सुलतान कलावूननं 1284 मध्ये उभारलेलं इस्पितळ अशा उत्पन्नावर शतकानुशतकं चाललं. इब्न अल-नफीसनं आपलं घर आणि ग्रंथसंग्रह त्यालाच देऊन टाकला. इब्न खल्दूननं चौदाव्या शतकात यामागचं व्यवहारी कारणही सांगितलंय. इजिप्तच्या तुर्की अमिरांना आपल्यामागे सुलतान संपत्ती जप्त करील ही धास्ती असे. म्हणून ते मदरसे बांधून वक्फ करत आणि देखरेखीत मुलांचा वाटा ठेवत. हेतू काहीही असो, विद्यार्थ्याला जेवण आणि शिक्षकाला पगार मिळत होता.

अडचण अशी की वक्फ करणारा पुण्यासाठी करतो. तो देणगी लिहितो ती फिक्हच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, अध्यापनासाठी. 1067 मध्ये उघडलेला बगदादचा निझामिया मदरसा शाफिई फिक्हसाठी होता. आणि दात्यानं एकदा घातलेली अट कायद्याच्या तोलाची. विश्वस्तांना ती सहसा बदलता येत नाही. गणित, तर्क, ज्योतिष शिकवायला मनाई होती असं नाही. मदरशातले कितीतरी शिक्षक ते घरी शिकवत. पण त्यांच्या नावानं कायमची नेमणूक नव्हती, त्यामुळे शिकवणारा गेला की विषय गेला. ज्या शास्त्राला कायम जागा मिळाली ते टिकलं, याचा पुरावा इब्न अल-शातिरच आहे. तो दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणारा मुवक्कित होता. ती पगारी, बांधील नोकरी होती आणि त्या नोकरीच्या आधारानं त्यानं ग्रहगती नव्यानं मांडल्या. धर्मानं इथं खगोलशास्त्राला जागा दिली होती, हे विसरून चालणार नाही.

आता वेधशाळांचा इतिहास पाहा. सल्जूक सुलतान मलिकशाहनं इस्फहानला वेधशाळा काढली, उमर खय्याम तिथं होता, 1079 चं जलाली पंचांग हे तिथलं फळ. मलिकशाह 1092 मध्ये गेला आणि वेधशाळा बंद पडली. समरकंदला उलुघ बेग हा राजाच खगोलज्ञ होता. हजारावर ताऱ्यांची सारणी त्यानं नव्यानं वेध घेऊन केली. 1449 मध्ये त्याचा मुलाच्याच कारस्थानानं खून झाला, वेधशाळा ओस पडली. इस्तंबूलला तकी अल-दीनची वेधशाळा 1577 मध्ये सुरू झाली आणि 1580 मध्ये सुलतान मुरादच्याच हुकमानं पाडली गेली. या माळेत एकच अपवाद आहे. बगदाद बुडवणाऱ्या हुलागूनंच दुसऱ्या वर्षी, 1259 मध्ये, नसीरुद्दीन तुसीला मराघा इथं वेधशाळा बांधून दिली. तुसीनं वक्फच्या उत्पन्नाचा कारभार आपल्याकडे घेतला आणि त्यातून वेधशाळेचा खर्च चालवला. हुलागू गेला, तुसी गेला, तरी मराघा जवळपास अर्धशतक चालू राहिली.

धर्मसत्तेला मी निर्दोष ठरवत नाही. कोर्दोबात दहाव्या शतकाच्या अखेरीस तत्त्वज्ञानाची आणि ज्योतिषाची पुस्तकं जाळली गेली, 1195 मध्ये तत्त्वज्ञ इब्न रुश्दला हद्दपार करून त्याचे ग्रंथ जाळले गेले, तकी अल-दीनच्या विरोधात शेखुल-इस्लाम, म्हणजे मुख्य धर्माधिकारी, उभा राहिला. पण काडी लावणारे हात पाहा. कोर्दोबात बालखलिफाला बाजूला सारून सत्ता बळकावलेल्या हाजिबाला, म्हणजे मुख्य कारभाऱ्याला, फकिहांचा, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडितांचा, पाठिंबा हवा होता. इब्न रुश्दच्या खलिफाला त्याच वर्षी कॅस्टिलशी युद्ध करायचं होतं. राजाला धर्मपंडितांची गरज पडली की विद्वानाचा बळी स्वस्त असतो, कारण विद्वानाच्या मागे कुणी उभं नसतं.

युरोपातही राजे लहरी होते आणि चर्च क्रूर होतं. ब्रूनोला 1600 मध्ये जिवंत जाळलं, गॅलिलिओवर 1633 मध्ये खटला चालला. टायको ब्राहेची वेधशाळा तर तकी अल-दीनच्या अगदी बरोबरीची. राजा बदलल्यावर 1597 मध्ये त्यालाही डेन्मार्क सोडावा लागला. फरक पुढच्या पायरीला पडला. टायकोला प्रागमध्ये दुसरा आश्रय मिळाला, त्याच्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या आणि त्यांवर आधारलेल्या सारण्या 1627 मध्ये छापून निघाल्या. केप्लर ज्या ट्युबिंगनला शिकला ते विद्यापीठ आपले नियम स्वतः करणारी, स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगणारी संस्था होती. इस्लामी कायद्यात व्यक्ती होती, वक्फ होता, पण आपले नियम आपण बदलणारी संस्था नव्हती, हा अर्थशास्त्रज्ञ तिमुर कुरान यांचा मुद्दा मला पटतो. इस्तंबूलमध्ये तुर्की भाषेतला छापखाना इब्राहिम मुतेफेर्रिकानं 1720 च्या दशकात काढला. पंधरा-सोळा वर्षांत त्यातून निघाली 17 पुस्तकं. तोही सुलतानाच्या परवानगीवर उभा होता आणि मालकामागे थंडावला.

हा इतिहास आपल्या अंगणातही आला होता. फिरोजशाह बहमनी हा खगोलात रस असलेला राजा. त्यानं 1407 च्या सुमारास दौलताबादजवळ घाटावर वेधशाळा बांधायला घेतली. काम गीलानहून आलेल्या एका हकिमाकडे होतं. हकीम वारला आणि बांधकाम अर्धवट राहिलं, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. एका माणसाच्या मृत्यूनं वेधशाळा थांबते, हे इस्फहान आणि समरकंदचंच दख्खनी रूप आहे.

समरकंदची वेधशाळा साडेचार शतकं मातीखाली होती. 1908 मध्ये व्याटकिन या पुरातत्त्वज्ञानं तिची जागा शोधली ती एका जुन्या वक्फनाम्यातल्या चतुःसीमेवरून. दौलताबाद-खुलताबाद परिसरातही जुन्या सनदा आणि इनामपत्रं आहेत, फारसी आणि मोडी दोन्ही लिप्यांतली. मराठवाड्यात इतिहास आणि फारसी शिकवणाऱ्यांनी, त्यांच्या विद्यार्थ्यांनी फिरिश्त्याचा तो उतारा आणि ही कागदपत्रं शेजारी ठेवून त्या घाटाचा शोध घ्यावा.