पाणी ओसरल्यावर उत्तर कोणी द्यायचे?

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. घाट ओलांडून, पुणे आणि नगर जिल्ह्यांना झोडपत, क्षीण झालेल्या रूपात ते त्याच रात्री नाशिक जिल्ह्यावरून पुढे सरकले. कोकणात पोफळीच्या वाड्या मुळासकट आडव्या झाल्या. इकडे कांद्याच्या चाळींवरील पत्रे उडाले आणि साठवलेला माल भिजला. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्याने एवढे प्रबळ वादळ १८९१ नंतर पाहिले नव्हते. पंचनामे पुरे होण्याची वाट मात्र कोणी पाहिली नाही. पडलेली झाडे रस्त्यावरून हटण्याआधीच आरोपांच्या फैरी झडू लागल्या.

दोनच दिवसांनी मुख्यमंत्री अलिबागला गेले आणि रायगडसाठी १०० कोटी रुपये जाहीर करून परतले. मागोमाग शरद पवार यांचा दौरा झाला, त्यानंतर विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांचा. मदत तुटपुंजी आहे, सरकार घरात बसून आहे, असे विरोधकांनी म्हटले. सत्ताधाऱ्यांनी केंद्राकडे थकलेल्या वस्तू व सेवा कराच्या रकमेचा हिशेब पुढे केला. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आले तेव्हा नाटक तेच होते, पात्रांनी फक्त संवाद बदलून घेतले. पंतप्रधानांनी गुजरातची हवाई पाहणी करून १,००० कोटींची तातडीची मदत घोषित केली आणि महाराष्ट्राला का नाही, हा प्रश्न आदल्या वर्षीचे आरोपी वादी होऊन विचारू लागले. राज्याने स्वतः दिलेले साहाय्य २५२ कोटींचे होते. त्याच वादळात मुंबई हायच्या परिसरात 'पी-३०५' हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. काम ओएनजीसीचे, म्हणजे केंद्राच्या उपक्रमाचे. कंत्राट खासगी कंपनीचे. शोधकार्य नौदल आणि तटरक्षक दलाचे. आणि पोलीस राज्याचे. गुन्हा नोंदला गेला तो तराफ्याच्या बेपत्ता कप्तानावर व अन्य काहींवर. इशारा मिळूनही तराफा समुद्रातच का राहिला, हा प्रश्न इतक्या हातांतून फिरला की शेवटी तो कोणाच्याच हाती उरला नाही.

सरकारवर टीका करू नये, संकटकाळी राजकारण नको, असा उपदेश अशा वेळी हमखास ऐकू येतो. तो बहुधा सत्तेवर असलेल्यांकडूनच येतो, हे लक्षात घ्यावे. टीका झालीच पाहिजे, आणि ती नेमकी असेल तर फळही देते. 'निसर्ग'चेच उदाहरण पाहावे. फळबागांसाठी मदतीचा जुना दर हेक्टरी १८ हजार रुपये होता. तो हेक्टरी ५० हजार करण्यात आला. ऐकायला वाढ भरघोस. पण श्रीवर्धनच्या बागायतदाराची जमीन हेक्टरात नव्हे, गुंठ्यांत असते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी साफ झालेल्या कुटुंबाच्या हाती पडणार पाच हजार. नवी पोफळ लावून सुपारी धरायला सहा-सात वर्षे, नारळालाही तितकीच. तेवढी वर्षे त्या घराने काय खायचे? मागणी लावून धरल्यावर निकष बदलला आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाच्या झाडाला २५० रुपये असा झाडागणिक दर ठरला. तोही अपुराच, पण मोजण्याचे माप तरी कोकणाच्या जमिनीला धरून झाले. हा लाभ "सरकार निष्क्रिय आहे" या घोषणेतून झाला नाही. गुंठ्याचा हिशेब मांडणाऱ्यांमुळे झाला.

केंद्राच्या बाजूचाही हिशेब मांडलाच पाहिजे, तो झाकून ठेवण्यात राष्ट्रभक्ती नाही. केंद्राचे पाहणी पथक जून २०२० मध्येच रायगडात येऊन गेले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून 'निसर्ग'साठी २६८ कोटी ५९ लाख रुपयांना उच्चस्तरीय समितीची मान्यता मिळाली ती १३ नोव्हेंबर २०२० रोजी. मधल्या पाच महिन्यांत कोकणातला पावसाळा येऊन गेला होता. या विलंबाला दिल्लीतील सरकार कोणत्या पक्षाचे होते याच्याशी काही देणेघेणे नाही. पद्धतच अशी आहे की राज्याने निवेदन द्यायचे, पथकाने पाहायचे, समितीने तपासायचे आणि मग रक्कम सुटायची. पक्ष बदलले तरी पद्धत बदलली नाही, ही खरी तक्रार आहे. दुर्दैवाने ती कोणत्याच व्यासपीठावरून फारशी ऐकू येत नाही, कारण तिच्यात कोणाचा पराभव नाही.

दोष एकमेकांवर ढकलण्याचा हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ पासून तयार होता. राज्यात काँग्रेस आघाडी, महापालिकेत शिवसेना-भाजप. मिठी नदीचा गाळ दोघांच्या मधोमध साचून राहिला. महिन्याभराने, २९ ऑगस्टला, 'कॅटरिना' वादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स बुडविले. महापौर राज्यपालांकडे, राज्यपाल वॉशिंग्टनकडे आणि वॉशिंग्टन पुन्हा महापौरांकडे बोट दाखवीत राहिले. तोवर गोरगरीब छपरांवर बसून होते. संघराज्याच्या आपत्ती संस्थेचे प्रमुख मायकल ब्राऊन यांना १२ सप्टेंबरला राजीनामा द्यावा लागला. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राची ही गत.

याउलट ओडिशाकडे पाहावे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांना डिसेंबरमध्ये पायउतार व्हावे लागले आणि २००० मध्ये नवीन पटनाईक भाजपच्या साथीने सत्तेवर आले. दोषाचे माप मतदारांनी काँग्रेसच्या पदरात घातले, ते योग्यच झाले. पण तेथे गोष्ट थांबली नाही. त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापनासाठी राज्याची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली होती. पुढे किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगाव कोणी कोणाला कोठे न्यायचे हे ठरले. २०१३ च्या 'फायलीन'च्या वेळी जवळजवळ दहा लाख लोक हलविण्यात आले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. २०१९ मध्ये 'फनी'च्या वेळी बारा लाख लोक हलविले गेले, बळी ६४. भाजप-बिजद युती २००९ मध्ये तुटली, यंत्रणा तुटली नाही.

आता नाशिककडे वळू. १९ सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूर गावाच्या स्मरणात आहे. सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटी पाण्याखाली गेली. व्यापाऱ्यांना दुकानातील माल हलविण्याइतकाही अवधी मिळाला नाही. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, छगन भुजबळ मंत्रिमंडळात होते. महापालिकेत शिवसेना-भाजपची सत्ता होती. गंगापूर धरणातून पाणी आधी थोडे थोडे सोडले असते तर ही वेळ आली नसती, असे गावाने म्हटले. धरण भरलेले असताना वरून आलेला लोंढा अडवायचा कोठे, असे पाटबंधारे खात्याचे म्हणणे. नदीपात्रात बांधकामांना परवानगी कोणी दिली, हा प्रश्न उलट महापालिकेकडे वळला. ४ ऑगस्ट २०१९ रोजी दुतोंड्या मारुती पुन्हा बुडाला, चांदोरी आणि सायखेड्याला पाण्याने वेढा घातला, तेव्हा राज्यात युतीचे सरकार होते, महापालिका भाजपकडे होती, आणि जलसंपदा मंत्री गिरीश महाजन हेच नाशिकचे पालकमंत्री होते. म्हणजे या वेळी बोट दाखवायला दुसरे कोणी नव्हते. तरीही धरण, नाले आणि पूररेषा यांविषयीचे प्रश्न २००८ चेच होते.

येथे थोडे थांबून धरणाचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण ते न समजता केलेली टीका वाऱ्यावर जाते. गंगापूर हे साठवणुकीचे धरण आहे. पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती टक्के साठा ठेवायचा याची परिचालन सूची असते. हंगाम सरत येतो तशी साठ्याची मर्यादा वाढत जाते आणि सप्टेंबरात धरण भरलेलेच असणे अपेक्षित असते. अभियंत्याने आधीच पाणी सोडले आणि पाऊस दडी मारून बसला, तर उन्हाळ्यात पाणीकपात होते आणि पुन्हा मोर्चा त्याच्याच कार्यालयावर येतो. २००५ च्या कायद्यानंतर समन्यायी वाटपाच्या नावाने जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद आहेच. पाणी राखले तरी गुन्हेगार, सोडले तरी गुन्हेगार, अशा स्थितीतला अधिकारी कागद सांभाळतो आणि शेवटच्या घटकेपर्यंत वाट पाहतो. शिवाय धरणाच्या खाली शहरात जो पाऊस पडतो, वाघाडीसारखे नाले जे पाणी आणतात, त्यावर धरणाचे दरवाजे काहीच करू शकत नाहीत. ती जबाबदारी महापालिकेची. २००८ नंतर नदीकाठी पूररेषा आखल्या गेल्या: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषांना विरोध करणाऱ्यांत सर्व पक्षांची माणसे होती. त्या एका बाबतीत नाशिकमध्ये सर्वपक्षीय एकमत आढळते!

उत्तरदायी कोण, हे कायद्याने सांगितलेलेच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याचे जिल्हाधिकारी; जिल्हा प्राधिकरणात स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा, हेही त्यातच आहे. याहून कितीतरी जुना आधार हवा असेल तर कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. दैवी आपत्तींची गणना करताना त्याने अग्नीनंतर लगेच पुराचा विचार केला आहे. नदीकाठच्या रहिवाशांनी पावसाळ्यात पुराच्या मर्यादेपासून दूर राहावे, फळ्या, वेळू आणि नावा जवळ बाळगाव्यात, आणि वाहून जाणाऱ्याच्या मदतीस जो धावणार नाही त्याला बारा पण दंड व्हावा. ज्याच्यापाशी नाव नाही तो मात्र या दंडातून मुक्त. किती काटेकोर विचार! दोष ठरविण्याआधी प्रत्येकाच्या हाती साधन काय होते, हे तो पाहतो. आजचे आरोपकर्ते नेमके तेवढे वगळतात.

हा विषय आज पुन्हा काढण्याचे कारण जुनी उणीदुणी नव्हेत. सिंहस्थाचे जाहीर वेळापत्रक पाहावे: नाशिकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत. २०१६ चा पूर २ ऑगस्टचा, २०१९ चा ४ ऑगस्टचा, २००८ चा १९ सप्टेंबरचा. ज्या रामकुंडावर लक्षावधी भाविक उतरणार, त्याच रामकुंडात त्याच दिवसांत गंगापूरचे पाणी येत आले आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांनी प्राण गमावले. त्या दिवशी नदीला पूर नव्हता. गर्दी आणि पाणी एकाच वेळी आले तर काय, याचे उत्तर घोषणांच्या कोट्यवधींच्या आकड्यांत सापडत नाही.

आणि अशा वेळी सत्तेची स्थिती काय होती? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिका कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली. म्हणजे मतदाराने जाब विचारायचा तर विचारण्याजोगा नगरसेवकच नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या पालकमंत्र्यांची नियुक्ती जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती स्थगित झाली. भांडण विरोधकांशी नव्हते, महायुतीतल्या मित्रांत होते. हिंदुत्वाचे नाव घेऊन सत्तेवर आलेल्यांनी सिंहस्थाच्या नगरीत मानापमानाचा हा प्रयोग लावावा, याचे दुःख विरोधकांपेक्षा त्यांच्या मतदारांनाच अधिक झाले.

म्हणून काही गोष्टी आताच लेखी ठरल्या पाहिजेत. स्नानाच्या आठवड्यात गंगापूर, काश्यपी आणि गौतमी-गोदावरी या धरणांत किती जागा मोकळी ठेवायची, आणि त्यामुळे पुढे टंचाई आली तर तो तोटा कोण सोसणार, याचा निर्णय अभियंत्याच्या डोक्यावर न ठेवता मंत्रिमंडळाने स्वतःच्या सहीने घ्यावा. विसर्ग किती क्युसेकवर गेला की रामकुंड रिकामे करायचे, तो आदेश कोणी द्यायचा आणि तो अधिकारी जागेवर नसेल तर त्याच्या ऐवजी कोणी, हे नाव-हुद्द्यासह प्रसिद्ध व्हावे. खालच्या अंगाला चांदोरी-सायखेड्याला किती तास आधी निरोप जाईल, तेही. हा कागद मंत्रालयाच्या कपाटात नको. त्याची प्रत रामकुंडावरील पुरोहितांकडे, सराफ बाजारातील दुकानदारांकडे, आखाड्यांच्या महंतांकडे आणि गोदाकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर २०२७ चा पावसाळा सुरू होण्यापूर्वी पोहोचलेली असावी.