व्यापाऱ्याच्या थडग्यावर छत्री

सुरतेत कातारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. तिथे सर जॉर्ज ऑक्झेंडन पुरला आहे. त्या वास्तूला थडगे म्हणणे जड जाते. दोन मजले, जाडजूड खांब, वरच्या सज्जात नेणारे जिने आणि एकावर एक चढवलेले दोन घुमट. उंची सुमारे चाळीस फूट. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचा हा प्रमुख १६६९ साली वारला आणि त्याच्यावर मोगली थाटाची छत्री उभी राहिली.

हा तोच ऑक्झेंडन. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा शहराचा मोगल अधिकारी इनायत खान किल्ल्यात दडून बसला आणि ऑक्झेंडनने वखार लढवली. मागाहून कुमक घेऊन आलेल्या मोगल सरदाराने खूश होऊन त्याला मानाचा पोशाख, घोडा आणि तलवार देऊ केली. त्याने ती घेतली नाही. या वस्तू शिपायाला शोभतात, आम्ही व्यापारी आहोत, बादशहाने आमच्या व्यापारावर मेहेरनजर ठेवावी, असे त्याचे उत्तर वखारीच्या कागदांत आहे. जकातीची सवलत पदरात पडलीही.

तलवार नको, जकात कमी करा, असे म्हणणाऱ्या माणसाला पाच वर्षांनी छत्री कशासाठी हवी होती?

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण छत्री ही नक्षी नव्हे. वेलबुट्टी कुणीही कोरून घ्यावी, कंगोरे कुणीही काढावेत. डोक्यावर छत्र धरणे ही सत्तेची खूण. तेच छत्र दगडाचुन्यात उभे केले की छत्री होते. राजा, मोठा सरदार किंवा पीर, ज्याच्यापुढे चार माणसे वाकतात, त्याच्यावर ती चढते. वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, ती याच मानाने. रायगडावर ६ जून १६७४ रोजी महाराजांनी छत्र धारण केले, ते केवढ्या तयारीनंतर आणि केवढ्या विरोधातून वाट काढून! त्या सोहळ्याला कंपनीचा वकील म्हणून हजर होता तो हेन्री, ऑक्झेंडन घराण्यातलाच. त्याच्या घराण्यातल्या माणसावर सुरतेत छत्री आधीच उभी राहत होती. तिला ना अभिषेक लागला, ना कुणाची मान्यता. गवंडी आणि पैसा एवढे पुरले.

त्याच वास्तूच्या पायथ्याशी जॉर्जचा भाऊ ख्रिस्तोफर आहे, १६५९ साली वारलेला. त्याच्या स्मृतिलेखाची भाषा निखळ खतावणीची आहे. मरणाने हिशेब मागितला, मालकांनी नोकर गमावला, सोबत्यांनी सोबती, आणि पानाच्या दुसऱ्या बाजूला त्याने स्वतः मृत्यू हाच नफा म्हणून मांडावा, असा त्याचा आशय. लेख कारकुनाचा आणि माथ्यावर उमरावाचा घुमट. दहा वर्षांत एकाच घरात एवढे अंतर पडले.

डचांना यातला अर्थ लगेच कळला असावा. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा त्यांचा अधिकारी व्हान ऱ्हीड १६९१मध्ये वारला. त्याच्यासाठी त्यांनी सुरतेतच अष्टकोनी, दुहेरी घुमटाची इमारत उठवली. आत चित्रे, मानचिन्हे, खिडक्यांना कोरीव लाकूडकाम. ते लाकूडकाम गेले, पण नुसत्या डागडुजीपोटी डचांच्या नावे ६,००० रुपये लावल्याचे एक बिल मागे राहिले. मेलेल्या माणसासाठी कोणताही व्यापारी एवढा खर्च करत नाही. तो खर्च मोगल अधिकाऱ्यांच्या, सुरतेच्या सावकारांच्या आणि एकमेकांच्या डोळ्यांसाठी होता.

आज या इमारतींचे वर्णन मिश्र शैलीचे सुंदर नमुने असे होते. युरोपीय माणसे इथल्या कलेवर भाळली, असा त्यातून सूर निघतो. हा सूर खोटा आहे. भाळणारा माणूस वेलबुट्टी उचलतो, अधिकाराची खूण उचलत नाही. ऑक्झेंडनच्या मागे राहिलेल्यांनी इथे मान कशाला मिळतो ते नेमके हेरले होते. १७५९ साली सुरतेचा किल्ला कंपनीकडे गेला, तेव्हा ही छत्री उभी राहून पाऊणशे वर्षे केव्हाच उलटली होती. सुरतेच्या लुटीवर मराठीत पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. वखार लढवणारा ऑक्झेंडन त्यांत हटकून येतो आणि सहसा तिथेच संपतो. त्याने तलवार नाकारली त्याच पानावर या छत्रीचे छायाचित्र छापायला हवे.