पाव तास की दहा मिनिटे?

प्रति,
कार्यकारी आरोग्य अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य खाते, बृहन्मुंबई महानगरपालिका



2021 मध्ये आपण जागतिक आरोग्य संघटनेसोबत 18 ते 69 वयाच्या मुंबईकरांची ‘स्टेप्स’ पाहणी केलीत. त्यात रक्तदाब यंत्राने मोजला, साखर रक्तातून तपासली. शारीरिक हालचाल मात्र लोकांनी सांगितली तेवढी. पुढची पाहणी आखण्याआधी या सांगण्याकडे जरा लक्ष द्यावे, म्हणून हे पत्र.

अशा पाहण्यांचा हिशेब ठरलेला आहे. मध्यम श्रमाचे एक मिनिट म्हणजे 4 एकक, जोराच्या श्रमाचे 8. आठवड्याला 600 भरले की माणूस पुरेसा सक्रिय. आता दादरला उतरून चालत कामावर जाणारा कारकून घ्या. घड्याळाने त्याला एका वेळी 12 मिनिटे लागतात. जाऊन-येऊन, सहा दिवस, म्हणजे 576 एकक. थोडक्यात नापास. पण घड्याळ लावून कोण चालतो? ‘दहा मिनिटं असेल’ म्हणाला तर 480. ‘पाव तास धरा’ म्हणाला तर 720, आणि पास. चाल तीच, रस्ता तोच. नऊ मिनिटे म्हणाला तर सरळ शून्य, कारण सलग 10 मिनिटांखालचे धरायचेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतून ही अट काढली, पण आजवरचे बरेच आकडे ती अट असलेल्या प्रश्नावलीवरच उभे आहेत. दादरचा पूल चढायला 10 मिनिटे लागत नाहीत. (गर्दीत अडकलात तर लागतात, पण तेव्हा पाय हलत नाहीत.)

बायकांच्या बाबतीत गोष्ट अधिक बिघडते. घरकाम ‘कामा’त मोजावे, असे प्रश्नावलीत स्पष्ट आहे. पण लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना ‘शारीरिक श्रमाचे काम करता का?’ विचारा. ‘छे हो, मी घरीच असते,’ असेच उत्तर येईल. पाणी आले की पिंप भरायचे, चादरी पिळून गच्चीत वाळत घालायच्या, बाजाराच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढायचे, यातले काही त्या आपणहून सांगणार नाहीत. विचारणारा घाईत असला तर ‘नाही’वर खूण करून पुढच्या खोलीकडे वळेल. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2024 साली आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या 57 टक्के स्त्रियांची हालचाल अपुरी आहे, पुरुषांत 42 टक्के. त्याच वर्षीच्या केंद्राच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी 289 मिनिटे त्यात जातात. भाजी निवडताना कुणाला धाप लागत नाही, हे मान्य. पण त्या 289 मधली धाप लावणारी किती, हे विचारायला हवे की नको?

त्या वेळ-वापर पाहणीची पद्धतच उचला. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून चोवीस तासांत काय काय केले, हे ती अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारते. असे विचारले की पिंप आपोआप बाहेर येते. शिवाजी पार्कवर ‘रोज तासभर चालतो’ म्हणणाऱ्या काकांचा कट्ट्यावरचा अर्धा तासही बाहेर येईल.

प्रश्नकर्त्याच्या हातातल्या चित्रांच्या कार्डांवर इथली कामे हवीत: दादरच्या फुलबाजारातली पाटी, डबेवाल्याचा सायकलवरचा भार, चाळीचा जिना. पाहणी गणपतीत नको. प्रश्नावली विचारते तो ‘नेहमीचा आठवडा’ लालबागमध्ये तेव्हा कुणाचाच नसतो. निदान काही लोकांच्या कमरेला आठवडाभर हालचाल मोजणारे यंत्र बांधा, म्हणजे सांगितलेले आणि केलेले यांतला फरक कळेल.

1953 मध्ये लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे संशोधक जेरी मॉरिस यांनी दाखवले. त्यांनी कुणाला मिनिटे विचारली नाहीत, काम पाहिले. मात्र पोटासाठी ओझी वाहणाऱ्याला तोच लाभ मिळतो का, याबद्दल संशोधकांत आजही वाद आहे. म्हणून काम, प्रवास आणि हौसेचा व्यायाम यांचे आकडे एकत्र कालवू नका. ते वेगवेगळे छापा, स्त्री-पुरुष आणि विभागवार. माथाडी कामगाराची पाठ आणि गिरगावातल्या निवृत्त गृहस्थांची प्रभातफेरी एकाच सरासरीत बसवून शहराला ‘रोज चाला’ असा सल्ला दिला, तर तो नेमका कुणासाठी, हे आम्हाला कळणार नाही.

कळावे,
लालबागमधला एक रहिवासी