सुखाचा नैवेद्य

आज महाशिवरात्र. वैद्यनाथाच्या पायऱ्या पहाटेपासून भाविकांनी फुलल्या आहेत. उपवास आमचाही आहे. परंतु खिचडी, रताळी, राजगिरा हा त्याचा थाट पाहता, देवाकरिता आपण नेमके सोडले काय, हा प्रश्न मनास बोचतो.

अशा वेळी आम्हांस पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आमच्याच वाटेचे. तीर्थोतीर्थी पुराण सांगणारे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी कन्येस 'सरस्वती' ही पदवी दिली. त्या मानावर जन्म सुखात गेला असता. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ती वाट आमची नव्हे, हे स्पष्टच सांगतो. तथापि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली केडगावी आणल्या. भूक त्यांच्या घरातून जाऊन आली होती.

त्यांचा दुसरा त्याग आम्हांस अधिक अवघड वाटतो. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे भाषांतर केले, तेही साध्या मराठीत, त्या मुलींना कळावे म्हणून. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्दांचा मोह आवरला! जड समास योजून श्रोत्यांच्या माना डोलवण्याची आमची खोड जुनी. अन्न एक दिवस सुटते. ती वाहवा आम्हांस इतक्या वर्षांत सोडवली नाही. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

आज रात्रीच्या पूर्वरंगातील दोन अवघड श्लोक आम्ही गाळले आहेत. मागे खांबाशी बसणाऱ्या बायांना ते कधी कळलेच नव्हते.