४३ टक्क्यांचा मथळा आणि दहावीचं गणित

मे २०२४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या एका अभ्यासाची बातमी टीव्हीपासून व्हॉट्सॲपपर्यंत फिरली. १९५० ते २०१५ या काळात देशाच्या लोकसंख्येतला मुस्लिमांचा वाटा ४३ टक्क्यांनी वाढला आणि हिंदूंचा जवळपास ८ टक्क्यांनी घटला, असा तिचा मथळा होता. अजूनही लोकसंख्येचा विषय निघाला की हाच आकडा तोंडावर फेकला जातो. आपण एक तर चिडतो, नाहीतर गप्प बसतो. खरं तर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायला हवा. त्याला लागणारं गणित शाळेतल्या मुलामुलींच्या पुस्तकांतच आहे.

पहिलं उदाहरण टक्केवारीचं

अभ्यासातले मूळ आकडे असे : मुस्लिमांचा वाटा ९.८४ टक्क्यांवरून १४.०९ वर गेला. म्हणजे शंभर माणसांमागे साधारण दहा होते, ते चौदा झाले. फरक ४.२५. त्याला ९.८४ ने भागलं की ४३ टक्के येतात. हिंदूंचा वाटा ८४.६८ वरून ७८.०६ झाला. फरक ६.६२, म्हणजे आधीच्यापेक्षा मोठा. पण भागायचं ८४.६८ ने, म्हणून उत्तर ८ च्या आत. शीख समाजाचा वाटा १.२४ वरून १.८५ झाला, याच रीतीने ती वाढ ४९ टक्के होते, पण त्याची भीती कुणी घालत नाही. आकडे खोटे नाहीत. पाया लहान असला की टक्केवारी मोठी दिसते, एवढंच. मथळ्यात ४३ येतं, शंभरातले चार येत नाहीत.

दुसरं उदाहरण समीकरणाचं

'हे लवकरच बहुसंख्य होणार' हा दावा आता मांडून पाहू. ६५ वर्षांत ४.२५, म्हणजे वर्षाला सुमारे ०.०६५. वाटा ५० टक्के व्हायला n वर्षं लागतील असं धरू :

५० = १४.०९ + (४.२५ ÷ ६५) × n

म्हणून n = ३५.९१ × ६५ ÷ ४.२५, म्हणजे सुमारे ५४९ वर्षं. ही झाली अंकगणिती श्रेढी. कुणी म्हणेल, वाढ बेरजेने नाही, गुणाकाराने धरा; दर ६५ वर्षांनी वाटा १.४३ पट. तरीही साधारण २३० वर्षं लागतात. माहिती तीच, पण उत्तरांत तीन शतकांचा फरक. कारण उत्तर आपण काय गृहीत धरलं त्यावर ठरतं. आणि दोन्ही रीतींत जुना वेग कायम राहील असंच धरलेलं आहे.

तिसरं उदाहरण सरासरीचं

तो वेग कायम आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये एका मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुलं होत होती, हिंदू स्त्रीला ३.३. २०१९-२१ मध्ये हे आकडे २.३६ आणि १.९४ झाले. आपला आकडा आजही जास्त आहे, ते लपवायचं कारण नाही. पण अंतर १.१ वरून ०.४२ वर आलं.

शिवाय सरासरी बरंच काही झाकते. केरळमधल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा बिहारमधल्या हिंदू स्त्रीला सरासरी जास्त मुलं होतात. याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा आकडा सुमारे २.८ आहे आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८. म्हणजे नुसता धर्म पाहून हे गणित सुटत नाही. राज्य आणि शिक्षण पाहावंच लागतं.

मग आपलं काय?

आपल्या बऱ्याच घरांत मुलगी गणितात अडखळली की 'जाऊ दे, पास होण्यापुरतं कर' असं सांगून विषय संपवला जातो. दहावीत बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, तेवढंच त्याचं मोल धरलं जातं. पण ज्या समाजाबद्दल रोज आकड्यांत बोललं जातं, त्या समाजाच्या मुलांना आकडे वाचता आले नाहीत तर त्यांच्या वतीने दुसरेच उत्तरं काढत राहतील.

आणि हा विषय आपल्याला परका नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र' वरूनच 'अल्जिब्रा' हा शब्द आला. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीच्या उदाहरणांचा आहे. म्हणजे घरातल्या हिश्श्यांचे प्रश्न सोडवायलाच तिथे बीजगणित वापरलं गेलं.

येत्या रविवारी वरची तीन उदाहरणं मुलांसमोर ठेवा. उत्तर आधी सांगू नका. समीकरण त्यांनाच मांडू द्या, चुकलं तर पुन्हा करू द्या. पुढच्या वेळी असा मथळा फोनवर आला की त्यांना एकच विचारा : 'यात भागलंय कशाने?'